लहान शाळांचें करावें काय?

ज्या शाळेच्या पटावर वीस मुलें नाहींत ती शाळा चालू ठेवावी कीं मोडावी, हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्राच्या शिक्षणखात्यापुढें पुनः पुनः आला आहे, आणि दर वेळीं त्याचें उत्तर जमाखर्चाच्या वहींत शोधण्याचा यत्न झाला आहे. डिसेंबर २०१७ मध्यें दहापेक्षां कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून तेथील मुलें जवळच्या शाळांत पाठविण्याचें ठरलें. सप्टेंबर २०२३ मध्यें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' काढण्याविषयीं जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागविण्यांत आले. त्या वेळीं जे आंकडे प्रसिद्ध झाले त्यांप्रमाणें अशा शाळा १४,७८३ असून त्यांत १,८५,४६७ मुलें शिकत होतीं व २९,७०७ शिक्षक शिकवीत होते. पुढें १५ मार्च २०२४ रोजीं संचमान्यतेचे नवे निकष निघाले, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत वीस मुलें नसतील तर तेथील शिक्षकाचें पदच उरूं नये, अशी स्थिति उत्पन्न झाली. शब्द दर वेळीं निराळा असतो. कधीं 'समायोजन', कधीं 'समूह', कधीं 'संचमान्यता'. परंतु खेड्यांतील मनुष्यास त्या सर्वांचा अर्थ एकच समजतो, तो हा कीं, आपल्या गांवची शाळा जाणार.

हा प्रश्न खेड्यांचा आहे, आपला नव्हे, असें खामगांव, मलकापूर, चिखली, मेहकर इत्यादि ठिकाणच्या आमच्या पुष्कळ वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्यांपैकीं बहुतेकांचीं मुलें जिल्हा परिषदेच्या शाळेंत जात नाहींत, व त्या शाळेचें दार उघडें आहे कीं बंद आहे हें पाहण्याचा प्रसंगही त्यांजवर येत नाहीं. पण शहरांतील सुशिक्षित व सधन वर्गाचें हें अलिप्तपणच ह्या शाळांच्या दुर्बलतेचें एक मोठें कारण आहे, असें आमचें मत आहे, व तें आज कारणांसह वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जिल्ह्याची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके असून अजिंठ्याच्या डोंगररांगेनें त्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पाडले आहेत. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी कपाशीची जमीन व रेल्वेच्या कांठचीं व्यापारी गांवें आहेत. घाटावर देऊळगांव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर ह्या बाजूस बहुतांशीं पावसावर अवलंबून असलेली शेती आहे. आणि अगदीं उत्तरेस जळगांव जामोद व संग्रामपूर ह्या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं आदिवासींच्या वस्त्या आहेत. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती व तींतील जवळजवळ चार पंचमांश माणसें खेड्यांत राहत होतीं. अशा जिल्ह्यांत शिक्षण म्हणजे मुख्यतः जिल्हा परिषदेची शाळा होय. मोठ्या गांवीं खासगी संस्था निघतात, कारण तेथें फी देणारे पालक असतात. ज्या वाडीवर पंचवीस-तीस घरें आहेत तेथें कोणतीही खासगी संस्था जाणार नाहीं. तेथें जिल्हा परिषदेची शाळा नसेल तर शाळाच नाहीं.

ही शाळा खेड्यापर्यंत सहज आलेली नाहीं. जलंबहून खामगांवास जाणारा रेल्वेचा फांटा १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें उघडला गेला, तो कापसाच्या गाठींसाठीं. त्यानंतर बारा वर्षांनीं, १८८२ सालीं, महात्मा फुले यांनीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन ठेवलें व त्यांत सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येत असतां शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गास होतो, हें दाखवून बारा वर्षें वयापर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मागणी केली. त्याच १८८२ सालीं ह्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुष तुलना' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. ताराबाईंस वाचावयास शिकविणारा सत्यशोधक विचारांचा पिता लाभला होता. ज्यांस असा पिता लाभला नाहीं त्या मुलींची सोय सार्वजनिक शाळेवांचून दुसरी कोण करणार, हा प्रश्न तेव्हांपासून आजपर्यंत तसाच उभा आहे.

१९११ सालीं नामदार गोखले यांनीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदे कौन्सिलांत आणलें, तें पुढल्या वर्षीं फेटाळलें गेलें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं व कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं जें करून दाखविलें तें ब्रिटिश मुलखांत होईना. मध्यप्रांतांत १९२० सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला खरा, पण सक्ती करण्याचा भार त्यानें स्थानिक संस्थांच्या खुषीवर व तिजोरीवर टाकला. अशा वेळीं वऱ्हाडांत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारखा पुढारी १९२८ सालीं अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला, व प्राथमिक शिक्षणासाठीं कर वाढविण्याचा अप्रिय मार्ग त्यानें पतकरला. १९६२ च्या १ मे रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोंपविण्यांत आल्या. २००२ सालीं घटनेंत कलम २१-अ घातलें गेलें, २००९ सालीं शिक्षणहक्काचा कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. म्हणजे कापसाच्या गाठीस रेल्वे मिळाल्यापासून मुलाच्या शिक्षणास कायद्याचा हक्क मिळेपर्यंत १४० वर्षें गेलीं. जी वस्तु मिळविण्यास इतका काळ लागला ती एखाद्या परिपत्रकानें परत द्यावी काय, ह्याचा विचार घाई न करतां झाला पाहिजे.

आतां हिशेब पाहूं. कारण हिशेबास भिण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. वर दिलेल्या आंकड्यांवरून दर लहान शाळेमागें सरासरी साडेबारा मुलें व दोन शिक्षक पडतात. सहा मुलांमागें एक पगारी शिक्षक ही चैन गरीब देशास परवडत नाहीं, असें कोणीही हिशेबी मनुष्य प्रथमदर्शनीं म्हणेल. परंतु शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरविले आहेत. चार-पांच इयत्ता एका मनुष्यास एकाच वेळीं शिकवितां येत नाहींत. मुलें बारा असोत कीं पन्नास असोत, पहिलीच्या मुलास अक्षर गिरवावयाचें असतें व चौथीच्या मुलास भागाकार करावयाचा असतो. दोन शिक्षक ही चैन नसून शाळा ह्या नांवास पात्र होण्याची ती किमान अट आहे, आणि ती अटही सर्वत्र पाळली जात नाहीं. २०२४-२५ च्या सरकारी गणनेप्रमाणें देशांत १,०४,१२५ शाळा एकशिक्षकी होत्या. त्यांपैकीं ८,१५२ एकट्या महाराष्ट्रांत होत्या.

दुसरें असें कीं, ह्या हिशेबांत खर्चाची एक बाजू मांडलेलीच नसते. माल स्वस्त पडला म्हणून घेतला आणि वाहतुकीचें भाडें धरलेंच नाहीं, असा व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्यास आपण काय म्हणूं? लहान शाळा मोडली म्हणजे शिक्षकाचा पगार वांचतो, हें खरें. पण बारा मुलांस रोज दुसऱ्या गांवीं नेण्या-आणण्याचा खर्च उत्पन्न होतो, तो कोणाच्या नांवें लिहावयाचा? कायद्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षाचे २०० व पुढील तीन इयत्तांस २२० कामाचे दिवस ठरविले आहेत. इतके दिवस सरकारनें वाहन दिलें नाहीं तर तो खर्च मजुरीवर जाणाऱ्या आईबापांच्या नांवें पडतो. आणि त्यांजकडे पैसा नसल्यामुळें तो शेवटीं मुलाच्या शिक्षणांतून वसूल होतो. सात वर्षांच्या मुलास श्रावणांत भरलेला नाला ओलांडून जावें लागतें, उन्हाळ्यांत भर दुपारीं परत यावें लागतें, आणि कांहीं दिवसांनीं तें जाईनासें होतें. मुलीच्या बाबतींत तर हें आणखी लवकर घडतें. शाळा गांवांत असेपर्यंत मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊनही वर्गांत येऊन बसते. शाळा तीन किलोमीटरांवर गेली कीं, ती घरीं राहते, व तिचें नांव मात्र नव्या शाळेच्या पटावर राहतें. खात्याच्या कागदावर शाळा एकत्र झाल्या व कोणीही गळलें नाहीं! अशा कागदी समाधानाची किंमत दहा वर्षांनीं बालविवाहाच्या रूपानें जिल्ह्यास द्यावी लागते.

तिसरी गोष्ट भाषेची. जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील कोरकू, भिलाला, बारेला इत्यादि समाजांच्या मुलांची घरची भाषा मराठी नव्हे. १९५६ सालीं घटनेंत घातलेल्या कलम ३५०-अ प्रमाणें अशा अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा यत्न प्रत्येक राज्यानें व स्थानिक संस्थेनें करावा, असें ठरलें आहे. पाड्यावरच्या लहान शाळेंत एखादा मन लावणारा शिक्षक निदान मुलांचे चार शब्द शिकून त्यांस हळूहळू मराठींत आणूं शकतो. तींच मुलें दूरच्या मोठ्या शाळेंत शेवटच्या बांकावर बसलीं कीं, 'मंद' ठरतात. उर्दू शाळांचीही अडचण अशाच प्रकारची आहे. जवळची शाळा म्हणून जी दाखविली जाते तेथें त्यांचें माध्यमच नसतें.

पट कमी कां होतो, ह्याचीही चौकशी पट मोजण्याआधीं झाली पाहिजे. कारणें एक नव्हेत. कांहीं वस्त्या मुळांतच लहान आहेत. तेथें पट कधींच मोठा नव्हता व पुढेंही होणार नाहीं. कांहीं गांवांतून माणसें ऊसतोडीस, वीटभट्ट्यांवर किंवा पुण्यासारख्या शहरीं जातात व त्यांजबरोबर मुलें जातात. कुटुंबें लहान झालीं हेंही एक कारण आहे, व तें वाईट नव्हे. पण मोठ्या व सुस्थितींतील गांवांत पट घटण्याचें कारण निराळें आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गांवींच नव्हे, तर बाजारच्या गांवींही इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या, आणि त्यांच्या गाड्या सकाळीं खेड्यांतून मुलें भरून नेऊं लागल्या. त्याच सुमारास, २०१२ पासून कित्येक वर्षें, सरकारी शिक्षकांची नेमणूक जवळजवळ थांबली होती. एका बाजूस दुकान थाटावें आणि दुसऱ्या बाजूस आपल्याच दुकानांतील माणूस काढून घ्यावा, मग गिऱ्हाईक कां येत नाहीं म्हणून विचारावें, त्यांतला हा प्रकार झाला.

ह्या धोरणांतील विसंगति एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं सरकारनें शिक्षणहक्काच्या नियमांत बदल करून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आंत सरकारी अथवा अनुदानित शाळा आहे तिनें गरिबांच्या मुलांसाठीं पंचवीस टक्के जागा राखण्याची जरूर नाहीं, असें ठरविलें. जवळ सरकारी शाळा असतां गरिबास खासगी शाळा कशास हवी, हें त्याचें समर्थन. आणि लगेच पुढल्या महिन्यांत संचमान्यतेच्या निकषांनीं त्याच जवळच्या सरकारी शाळेंतील शिक्षकपदांवर कात्री चालविली! मुंबई उच्च न्यायालयानें १९ जुलै २०२४ रोजीं पहिला बदल रद्द केला, हें योग्यच झालें. परंतु न्यायालय प्रत्येक वेळीं धांवून येईल ह्या भरंवशावर लोकांनीं स्वस्थ बसणें बरें नव्हे.

पट हा शाळेचा कायमचा गुणधर्म आहे, असेंही समजूं नये. कोरोनाच्या साथीनंतर, २०२२ सालच्या 'असर' पाहणींत, ग्रामीण भारतांतील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपैकीं ७२.९ टक्के मुलें सरकारी शाळांत आढळलीं. २०१८ सालीं हें प्रमाण ६५.६ टक्के होतें, व २०२४ सालीं तें पुनः ६६.८ टक्क्यांवर आलें. म्हणजे संकटांत लोक सरकारी शाळेकडे आले होते. त्यांस राखून ठेवण्याचें काम आपल्या हातून झालें नाहीं. उलट, पुणें जिल्ह्यांत खेड तालुक्यांतील जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा पहा. २०२२ सालीं श्री. दत्तात्रय वारे गुरुजी तेथें गेले तेव्हां पटावर अवघीं तीन मुलें होतीं. गांवकरी व शिक्षक यांच्या श्रमानें ती संख्या शंभराच्या वर गेली, व २०२५ सालीं त्या शाळेस जगांतील उत्तम शाळांसाठीं असलेल्या स्पर्धेंत लोकपसंतीचा बहुमान मिळाला. पटाचा नियम यंत्राप्रमाणें लावला असता तर ही शाळा त्यापूर्वींच मोडली असती. असा गुरुजी प्रत्येक गांवास मिळणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण कमी पटाची शाळा ही मेलेली शाळा होय, हा समज तरी ह्या उदाहरणानें दूर व्हावा.

इतकें म्हटल्यावर दुसऱ्या पक्षाचें जें खरें आहे तेंही मान्य केलें पाहिजे. शेजारच्या वाशीम जिल्ह्यांतील गणेशपूरच्या शाळेंत २०२३ सालच्या आरंभीं एकच विद्यार्थी व त्यास शिकविणारा एकच शिक्षक होता. त्या शिक्षकाच्या कर्तव्यनिष्ठेचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. पण ज्या मुलास खेळण्यास, भांडण्यास, चढाओढ करण्यास दुसरें मूल नाहीं, त्यास पूर्ण शिक्षण मिळतें असें कोणीं म्हणूं नये. सहावीपासून पुढें तर गणित, विज्ञान, भाषा यांस निरनिराळे शिक्षक लागतात, व ते दहा-बारा मुलांच्या शाळेस पुरविणें खरोखरच कठीण आहे. तेव्हां एकत्रीकरण हें सर्वत्र व सर्वदा पाप आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. तें कोणत्या इयत्तांचें, कोणत्या क्रमानें व कोणाच्या संमतीनें करावें, हा वादाचा मुद्दा आहे.

ह्या बाबतींत परदेशांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. अमेरिकेंत १९३९-४० सालीं शाळांचा कारभार पाहणारे १,१७,१०८ स्वतंत्र शालेय जिल्हे होते. एकत्रीकरण होतां होतां आज ते तेरा हजारांच्या आसपास उरले आहेत. परंतु तेथें शाळा दूर गेली तेव्हां तिच्याबरोबर मुलांस नेणारी सार्वजनिक गाडी आली, आणि बहुतेक ठिकाणीं शाळांचा कारभार लोकांनीं निवडलेल्या मंडळाच्या हातीं राहिला. स्कॉटलंडांत तर २०१० सालीं ह्याचसाठीं निराळा कायदा झाला. खेड्यांतील शाळा बंद करण्यापूर्वीं दुसरा उपाय आहे कीं नाहीं, गांवावर काय परिणाम होईल व मुलांच्या प्रवासाचें काय, ह्या तीन प्रश्नांचा विचार करणें व लोकांचें मत घेणें तेथील स्थानिक सत्तेवर बंधनकारक आहे; २०१४ च्या दुरुस्तीनें तर 'शाळा बंद करूं नये' हेंच तेथें प्रथम गृहीत धरावयाचें ठरलें. हे कांहीं आमच्याहून हिशेबांत कच्चे असलेले देश नव्हेत.

दूर राहणाऱ्या मुलांस वसतिगृहांत ठेवावें, असाही उपाय सुचविला जातो. आमच्या जिल्ह्यानें ह्याविषयीं विशेष सावध असलें पाहिजे. खामगांव तालुक्यांतील पाळा येथील आश्रमशाळेंत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारांचें प्रकरण २०१६ सालीं उघडकीस आलें, अनेकांस अटक झाली व सबंध महाराष्ट्र हादरला. आईबापांपासून दूर ठेवलेल्या मुलांचें रक्षण करण्याची यंत्रणा जोंपर्यंत विश्वासास पात्र झालेली नाहीं, तोंपर्यंत सहा-सात वर्षांच्या मुलास घरापासून तोडून शिकविण्याची योजना कोणत्याही आईस मान्य होणार नाहीं, व होऊंही नये.

आतां मुख्य मुद्दा. हे सर्व ठराव झाले तेव्हां ज्यांची शाळा त्यांचा आवाज कोठें होता? बुलढाणा जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ सालीं झाली. तिच्या सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. नंतर आरक्षणाच्या वादांत निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०२५ रोजीं त्या चार महिन्यांत उरकण्याविषयीं आदेश दिला. तरी २०२५ साल संपलें तेव्हांही जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाच्याच हातीं होता. म्हणजे २०२३ चे समूहशाळांचे प्रस्ताव व २०२४ चे संचमान्यतेचे निकष हे दोन्ही अशा काळांत आले कीं, जेव्हां जिल्ह्याच्या शिक्षण समितींत प्रश्न विचारणारा एकही लोकनियुक्त सभासद नव्हता. अधिकारी कितीही चांगला असो, तो वरच्या आज्ञेस उत्तर देतो. खालच्या प्रश्नास उत्तर देण्याची त्यास जरूर पडत नाहीं. स्थानिक स्वराज्य म्हणजे रस्त्याचें कंत्राट कोणास मिळावें एवढ्याचाच वाद, असें ज्यांस वाटतें त्यांनीं ह्या गोष्टीचा विचार करावा.

ह्याहून खालच्या पायरीवर मात्र अधिकार आजही शिल्लक आहे. शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिति दिली असून तींतील तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या सभासद स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या विकासाचा आराखडा करण्याचा तिचा अधिकार आहे. पुष्कळ ठिकाणीं ही समिति सहीपुरती उरली आहे, कारण मजूर आईबापांस तिच्या अधिकाराची माहिती कोणीं दिलेली नाहीं. शिक्षकाचीही स्थिति अशीच. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण ह्यांवांचून इतर कामें त्यांस देऊं नयेत, असें त्याच कायद्याचें २७ वें कलम सांगतें. तरी माहिती भरणें, छायाचित्रें पाठविणें, नाना मोहिमांचे अहवाल करणें ह्यांत दोन शिक्षकांपैकीं एकाचा दिवस जातो. मग दोन शिक्षकांची शाळा व्यवहारांत एकशिक्षकी होते, व पालक म्हणतात, येथें शिकवितात कोठें?

ह्यावरून आमच्या सूचना थोडक्यांत अशा आहेत. पहिली ते चौथीची शाळा, वस्तींत मुलें आहेत तोंवर, कोणत्याही पटाखालीं मोडूं नये. तेथें फार तर जवळच्या दोन-तीन शाळांनीं आठवड्यांतून एक-दोन दिवस मुलें एकत्र आणून खेळ, गायन, प्रयोग असे कार्यक्रम करावे. सहावी ते आठवीचे वर्ग एकत्र करणें इष्ट असेल तेथें आधीं वाहन सुरू व्हावें, तें एक संपूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, नीट चालावें, आणि मगच जुने वर्ग हलवावे. मानव विकास योजनेंतील निळ्या गाड्यांनीं मुलींस माध्यमिक शाळेंत पोंचविण्याचें जें काम केलें आहे त्यावरून ही गोष्ट अशक्य नाहीं हें उघड आहे. शाळा बंद करण्याचा प्रत्येक प्रस्ताव ग्रामसभेपुढें व शाळा व्यवस्थापन समितीपुढें लेखी कारणांसह यावा, आणि त्यांत पट कां घटला, शिक्षकाचें पद किती महिने रिकामें होतें व पर्यायी शाळा किती अंतरावर आहे, ह्या तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या. शाळा हलविल्यावर प्रत्येक मुलाचा दोन वर्षें नांवनिशीवार मागोवा घ्यावा. आणि जेथें लोकनियुक्त जिल्हा परिषद नाहीं तेथें ती येईपर्यंत एकही शाळा कायमची बंद करूं नये; कारण प्रशासकाचें काम घर राखण्याचें असतें, घरांतील खोल्या पाडण्याचें नसतें.

शेवटीं दोन शब्द शहरांतील वाचकांस. २०१५ सालीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें, सरकारी पगार घेणाऱ्यांनीं आपलीं मुलें सरकारी शाळांत घालावीं, असा निकाल दिला होता; तो अमलांत आला नाहीं, पण त्यांतील मर्म खोटें नव्हतें. ज्याचें मूल त्या शाळेंत बसत नाहीं त्यास तिचें गळकें छप्पर दिसत नाहीं. तुमचीं मुलें कोठें घालावीं हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्याच्या कापसावर व सोयाबिनावर तुमची अडत चालते, ज्याच्या खरेदीवर तुमचें कापडाचें व किराणाचें दुकान चालतें, त्याच्या मुलाची शाळा हा तुमच्या नफ्यातोट्याचा विषय नाहीं, असें मात्र समजूं नका. हिशेब न वाचतां येणारा गिऱ्हाईक एखाद्या लुच्च्या दुकानदारास सोयीचा वाटेल. सचोटीच्या व्यापारास शिकलेलाच गिऱ्हाईक हवा.

सप्टेंबर २०२३ मध्यें सरकारनें देणगीदारांनीं शाळा दत्तक घ्याव्या व त्याबद्दल शाळेस आपलें नांव जोडावें, अशी योजना काढली. नांवाची पाटी लावण्यास हरकत नाहीं. पण पाटीनें शिक्षक येत नाहीं, व सरकारचें कर्तव्य देणगीनें फिटत नाहीं. त्यापेक्षां व्यापारी मंडळांनीं व वाचनालयांनीं आपल्या तालुक्यांतील वीसपेक्षां कमी पटाच्या शाळांची यादी गट शिक्षणाधिकाऱ्यांकडून मागवावी, आपल्यांतील दोन-चार माणसांनीं एक-एक शाळा प्रत्यक्ष पाहून यावी, शिक्षकाचें पद रिकामें असेल तर त्याविषयीं जिल्हा परिषदेकडे लेखी विचारणा करावी, आणि मिळालेलें उत्तर वर्तमानपत्रांकडे छापण्यास पाठवावें. दर १२ जानेवारीस सिंदखेड राजा येथें जिजाऊंच्या जन्मस्थानीं मोठा समुदाय जमतो व भाषणें होतात. त्या व्यासपीठावर चढणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यास, आपल्या मतदारसंघांतील किती वस्त्यांवर ह्या वर्षीं शाळा उरली आहे व किती ठिकाणीं दोन शिक्षक आहेत, एवढा एक प्रश्न विचारण्याची वहिवाट पडली तरी पुष्कळ काम होईल.